कुत्रा गप्प का राहिला?

गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडची रहस्यकथा लिहायला बसणाऱ्याने पहिलं पान लिहिण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर वहीत टिपून ठेवावं: त्या रात्री कुत्रा भुंकला का, आणि भुंकला नसेल तर का नाही? गुन्हेगार कोण हे मागाहून ठरवलं तरी चालतं. पुष्कळ लेखक लिहिता लिहिता गुन्हेगार बदलतात. पण कुत्र्याचं वागणं एकदा ठरलं की बदलता येत नाही, कारण तो कुणाचं ऐकून वागत नाही.

ही युक्ती जुनीच आहे. कॉनन डॉयलची 'सिल्व्हर ब्लेझ' ही होम्सकथा 1892 सालची. डार्टमूरच्या माळावरच्या तबेल्यातून शर्यतीचा घोडा रातोरात नाहीसा होतो. तबेल्यात कुत्रा असतो, पण वर माळ्यावर झोपलेल्या पोरांना जाग येत नाही, कारण तो भुंकतच नाही. म्हणजे रात्री आलेला माणूस त्याच्या ओळखीचा. एवढ्या एका मौनावर उलगडा उभा आहे. (त्याच कथेत राखणीच्या पोराला अफू देतात ती मटणाच्या मसालेदार कालवणातून, बेचव जेवणात तिची चव लपली नसती. हा भाग आपल्याकडच्या वाचकाला चटकन पटतो.)

आता हीच युक्ती उचलून दिना नदीच्या काठी आणा, लगेच फसेल. डार्टमूरला कुत्रा गप्प राहिला तर ओळखीचा माणूस. इथे कुत्रा गप्प राहिला तर ओळखीचा माणूस, नाहीतर बिबट. परका माणूस आला तर गावठी कुत्रा फाटकापर्यंत धावत जाऊन भुंकतो. साप दिसला तर अंतर राखून, थांबून थांबून, एकाच जागेकडे तोंड करून भुंकतो. बिबटाचा वास आला की मात्र पुष्कळदा शेपूट पायात घालून सपरीत शिरतो, दाराला अंग घासतो, बारीक कुईकुई करतो. घरातली म्हातारी आतूनच ओळखते आणि कोंबड्यांचं झाकण तपासून घ्या म्हणते. इथला वाचक मौनाचे दोन अर्थ आधीपासून जाणून आहे. तुम्ही त्या दोहोंच्या मधे उभं राहून लिहायचं. मुलचेऱ्याची कथा इंग्लंडच्या कथेपेक्षा अवघड होते ती यामुळे, आणि माझ्या मते चांगलीही यामुळेच.

कुत्रा असलेली रहस्यकथा लोक एवढ्या ओढीने का वाचतात, याचं कारणही इथेच आहे. त्याने सगळं पाहिलेलं, हुंगलेलं असतं, आणि त्याला सांगता येत नाही. बाकीची पात्रं खोटं बोलतात, लपवतात, विसरतात. हा एकटा खरं वागतो, पण त्याचं वागणं दुसऱ्याला वाचावं लागतं. ते वाचण्याचं काम तुम्ही वाचकाकडे सोपवलंत तर तो शेवटच्या पानापर्यंत येईल. कुत्र्याच्या मनातले विचार तुम्हीच माणसाच्या वाक्यांत लिहून दिलेत तर त्याला करायला काही उरत नाही. म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं हे की कुत्र्याला बोलकं करू नका. अमेरिकेत स्पेन्सर क्विनने 2009 पासून चेट नावाच्या कुत्र्याच्याच तोंडून एक मालिका चालवली आणि ती लोकांना आवडली, हे खरं. तिथेही गंमत आहे ती चेटला अर्धं समजत नाही आणि उरलेलं तो विसरतो यात. ते साधणं सोपं नाही. पहिल्या कथेत त्या वाटेला जाऊ नये.

लिहिण्याआधी थोडं वाचा, पण कथानक उचलायला नव्हे, जोड कसा बसवलाय ते पाहायला. डॉयलचीच 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' 1901-02 मध्ये क्रमशः छापली गेली. तिच्यातला अंगाला चमकणारं रसायन फासलेला अक्राळविक्राळ कुत्रा सगळ्यांना आठवतो. तुम्ही बूट पाहा. लंडनच्या हॉटेलातून बास्करव्हिल्सचा वारस सर हेन्री याचा एक नवा कोरा बूट चोरीला जातो, मग जुना जातो आणि नवा परत मिळतो. का? नव्या बुटाला मालकाचा वास नसतो. कुत्र्याला माग द्यायला वापरलेलाच बूट लागतो. चोराची ही एक चूक वाचकाच्या डोळ्यांसमोर पडलेली असते, तरी बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. 'साइन ऑफ फोर'मधला टोबी हा कुत्रा क्रिओसोट या डांबरी तेलाच्या वासावर निघतो आणि ऐटीत लाकडाच्या वखारीत जाऊन क्रिओसोटच्या पिंपावर उभा राहतो. तो चुकलेला नाही, दोन माग एकमेकांना छेदले इतकंच. आलापल्लीच्या सागवान डेपोपासून इतक्या जवळ राहणाऱ्या लेखकाला हा प्रसंग वाचताना हात शिवशिवायला हवेत. अगाथा ख्रिस्तीच्या 1937 सालच्या 'डम्ब विटनेस'मध्ये म्हातारी जिन्यावरून पडते आणि दोष बॉब नावाच्या कुत्र्याच्या चेंडूवर येतो. पण बॉब ती सबंध रात्र घराबाहेर होता. मग चेंडू जिन्यावर ठेवला कुणी? कुत्रा कुठे नव्हता, हासुद्धा पुरावा असतो.

याहून जुनी गोष्ट आपल्याच घरात आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 108वं सूक्त म्हणजे गुरेचोरीचा तपास. पणी नावाच्या असुरांनी गाई पळवून लपवल्यात, इंद्राची कुत्री सरमा रसा नदी ओलांडून माग काढत त्यांच्यापर्यंत पोचते. ते तिला बहीण म्हणतात, गाईंत वाटा देऊ करतात, ती नकार देते. पुढे बृहद्देवता या ग्रंथात हीच कथा वळण घेते. सरमा पणींकडचं दूध पिते आणि काही पाहिलंच नाही म्हणून सांगते. इंद्राची लाथ बसल्यावर दूध ओकते आणि खोटं उघडं पडतं. फितूर साक्षीदार आणि पोटातला पुरावा, दोन्ही एका जागी. नवा लेखक हे सोडून परदेशी हवेलीतला शिकारी कुत्रा कशाला शोधतो, मला कळत नाही.

मुलचेऱ्यातल्या वाचकांचा आणखी एक फायदा. 1960-70च्या दशकांत पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं या तालुक्यात वसली. त्यांच्या घरांत ब्योमकेश आणि फेलूदा या गुप्तहेरांची नावं नवी नाहीत. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादाने मराठीतही आला आहे. शेजाऱ्याकडून पुस्तक मागून आणा, वाचून झाल्यावर त्याच्याशी भांडा. यातूनच पहिला वाचक मिळतो.

आता गुन्हा. बाहेरून येणारा लेखक गडचिरोली म्हटलं की पहिल्या पानावर नक्षलवादी उभा करतो. नका करू. जिथे बंदुकीची भीती सगळ्या प्रश्नांचं उत्तर होऊन बसते तिथे रहस्य उरत नाही, आणि कुत्र्याला कामही उरत नाही. या मातीतले गुन्हे लहान आणि ओळखीचे असतात. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे सपरीच्या आढ्यात खोचलेली रिकामी बाटलीसुद्धा पुरावा ठरते. पुण्याच्या कथेत तिला कुणी विचारणार नाही. सागाचा ओंडका रात्री बंडीवर चढतो. कोंबडबाजारात हरलेल्या पैशांवरून वैर होतं. तेंदूपत्त्याच्या हंगामात, मे महिन्यात, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, सत्तर पानांच्या पुड्यांची मोजणी होते. जिथे ग्रामसभा स्वतः पत्ता विकते तिथे लाखांचा हिशोब गावातल्याच कुणाच्या तरी वहीत असतो, आणि वही एका रात्रीत गहाळ होऊ शकते. रानडुकरासाठी शेताच्या कडेने सोडलेली वीजतार तर विदर्भातल्या वनविभागाची कायमची डोकेदुखी. त्या तारेवर पहिला पाय कुणाचा पडतो? बहुधा कुत्र्याचा. पंजाच्या गादीवर जळाल्याचा काळा ठिपका, जीभ दातांत, अंगावर दुसरी जखम नाही. तार सकाळी गुंडाळून नेली तरी हा ठिपका राहतो. एवढं एक वाक्य तिसऱ्या पानावर साधेपणाने टाकून पुढे जा, त्यावर बोट ठेवू नका.

कुत्रा निवडताना जातिवंत कुत्र्याचा मोह टाळावा. अल्सेशियन असला की तो पोलिसांचा किंवा साहेबांचा होतो आणि गाव त्याच्यापासून लांब राहतं. गावठी कुत्रा तीन घरचं खातो आणि एका घरी झोपतो, त्यामुळे त्याचा मालक कोण यावरच वाद होऊ शकतो. त्याच्या दिवसाचा तक्ता करा. पहाटे मार्च-एप्रिलात घरच्या बायांसोबत मोहफुलं वेचायला जंगलात, कारण अस्वलही त्याच फुलांवर येतं, उन्ह चढलं की पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या मातीत, दुपारी शाळेच्या खिचडीच्या वेळी शाळेच्या कुंपणाशी, संध्याकाळी चौकात, बोंबील किंवा मासळी विकणाऱ्या बंगाली आजीच्या टोपलीपासून दोन हातांवर, रात्री सपरीत. तक्ता झाला की त्यातली एक ओळ मोडा. शाळेला खिचडी असूनही कुत्रा त्या दिवशी तिकडे फिरकला नाही. कथा सुरू झाली.

नाकाबद्दल मात्र अंदाजाने लिहू नका. इथे वाचक चूक पकडतो, कारण त्याच्या दारात कुत्रा आहे. माग थंड, दमट, वारा पडलेल्या वेळी जास्त टिकतो; रणरणत्या उन्हात कोरड्या मुरमावर लवकर विरतो; जोराच्या पावसात धुऊन जातो; खोलगट जागी साचून राहतो. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, तेव्हा मेच्या भर दुपारी चार कोस माग काढणारा कुत्रा लिहिलात तर पुस्तक मिटलं म्हणून समजा. तपास पहाटे ठेवा. लाल आणि हिरवा रंग कुत्र्याला वेगळे दिसत नाहीत, निळा आणि पिवळा दिसतो. हिरव्या गवतात पडलेलं लाल लुगड्याचं फडकं त्याच्या डोळ्यांना उठून दिसणार नाही. ते सापडलं तर बहुधा नाकाने, म्हणजे त्याला कुणाचा तरी वास होता. नदीत माग तुटतो हे खरं, पण कुत्रा हुशार असला तर काठाकाठाने वर-खाली जाऊन पलीकडचं टोक शोधतो. दिनाला उन्हाळ्यात पाणी किती आणि श्रावणात किती, ते आधी जाऊन बघा.

आता मधला, सगळ्यात कस लागणारा भाग. चपराळा अभयारण्य 1986 साली झालं, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते तिथे, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या अंगाने. या पट्ट्यात कुत्रा रात्रीतून नाहीसा झाला तर गाव एका वाक्यात प्रकरण मिटवतं, बिबटाने नेला. तुमच्या गुन्हेगाराला याहून चांगलं पांघरूण कुठे मिळणार? खून करायच्या आदल्या रात्री तो कुत्रा हटवतो आणि लोक बिबटाला शिव्या देऊन कामाला लागतात. ही कथा लिहायची तर बिबटाने नेलेला कुत्रा आणि माणसाने नेलेला कुत्रा यांतला फरक तुम्हाला अंगणातल्या मातीवर दाखवता आला पाहिजे.

सकाळचं अंगण घ्या. बिबट गळा धरतो, त्यामुळे जागेवर रक्त पुष्कळदा थोडंच असतं, पण शिकार ओढून नेल्याची फरफट दिसते, अंगणातून वाडीत, वाडीतून कुंपणाच्या फटीत, आणि फटीच्या काट्यावर केसांचा पुंजका. पावलाचा ठसा गोल, नखं उमटलेली नाहीत, कारण बिबट चालताना नखं आत ओढून घेतो. कुत्र्याच्या ठशात नखांच्या टिकल्या असतात. आता तुमच्या कथेतल्या अंगणात फरफट आहे, पण ती कुंपणापाशी पोचण्याआधीच संपते आणि तिथून सायकलच्या चाकाची बारीक रेघ सुरू होते. ठसा आहे, गोल आहे, मोठा आहे, पण चारही बोटांपुढे नखं रुतलेली आहेत. कुणीतरी हाताने कोरलाय, आणि कोरणाऱ्याला बिबट ठाऊक नाही. म्हणजे तो जंगलात वाढलेला नाही. माडिया आदिवासी घरातला शाळकरी पोरगा हे बघून काही बोलत नाही, फक्त पायाने नखांच्या टिकल्या पुसतो. पोलीस पाटील त्याला रागावतात. चाळीस पानांनंतर त्यांनाच त्या पोराकडे जावं लागतं.

खुंटीला उरलेला दोर हाही बघायचा. ओढाताणीत तुटलेल्या दोराचं टोक पिंजलेलं असतं, धाग्यांची लांबी कमी-जास्त. विळ्याने कापलेल्या दोराचे धागे एका पातळीत येतात. जळत्या काडीने तोडलेल्या नायलॉनच्या दोराला टोकाशी टणक काळी गाठ येते. यांतलं एकच निवडा. तिन्ही दिलेत तर पाठ्यपुस्तक होईल.

आणि कुत्रा गेला कसा? भुंकला नाही, हे शेजारणीने सांगितलेलंच असतं. बिबट असता तर कुईकुई करून दार घासलं असतं, तेही कुणी ऐकलेलं नाही. मग तो आपणहून गेला. इथे या तालुक्याची भाषा कामी येते. आपण कुत्र्याला यूऽ यूऽ करून बोलावतो, बंगाली घरात आ तू तू करतात, माडिया आणि तेलुगू घरांतली हाक आणखी वेगळी. लहानपणी एका घरी वाढलेला आणि मग दुसऱ्या घरी दिलेला कुत्रा पहिल्या हाकेवर जास्त वेगाने वळतो. रात्री कुणीतरी त्याला त्याच्या पहिल्या हाकेने बोलावलं. ती हाक कुणाला येते? गावातल्या निम्म्या लोकांना, म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही. त्याच्यासोबत दुसरा काहीतरी हवा. आणि सांभाळा, हाक ज्या समाजाची त्याच समाजाचा गुन्हेगार, असं उत्तर दिलंत तर ते आळशीपणाचं आणि घातकही होईल. हाक शिकलेला परका माणूस जास्त चांगला.

पोलीस कधी आणायचे? शक्य तितक्या उशिरा. गावात पहिला येतो पोलीस पाटील, जंगलाचं प्रकरण असेल तर बीट गार्ड. जिल्ह्याहून डॉग स्क्वॉड यायला अर्धा दिवस जातो, तेवढ्यात शंभर माणसं जागेवर फिरून जातात. पोलिसी कुत्र्याचं वजन लिहिताना आब राखा. मुंबई पोलिसांच्या झंजीरने 1993च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटकांचे साठे शोधून दिले आणि 2000 साली तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला, ही खरी गोष्ट. पण स्फोटकं शोधणं वेगळं, आरोपीच्या अंगावर जाऊन उभं राहणं वेगळं. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला फार वजन देता येत नाही असंच धरलं. कारण सरळ आहे. कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्यावतीने बोलतो तो त्याला सांभाळणारा माणूस. तेव्हा कुत्रा कुणाकडे गेला म्हणून तो दोषी, असा शेवट करू नका. कुत्र्याने तपास कुठे वळवायचा ते दाखवावं, सिद्ध करणारी वस्तू माणसाला शोधू द्यावी. आणखी एक छोटी गोष्ट: कथा 1 जुलै 2024 नंतर घडत असेल तर खुनाला 302 लिहू नका. आता भारतीय न्याय संहितेचं कलम 103 आहे. गावातले लोक बोलताना अजून तीनशे दोनच म्हणतात, ते संवादात राहू द्या. फौजदाराच्या कागदावर मात्र बरोबर हवं.

वनगुन्ह्याचा तपास लिहायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा, तो ओझरता तरी वाचून घ्या. नखं, कातडी, मांस हुंगणारे प्रशिक्षित कुत्रे देशात अनेक वनविभागांकडे आहेत. त्यातल्या पुष्कळांचं शिक्षण ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात झालेलं आहे. असा कुत्रा आणि गावातला गावठी कुत्रा एका प्रसंगात समोरासमोर आणता आले तर आणा. शिकलेला हुकमाची वाट बघतो. गावठी आधीच तिकडे जाऊन बसलेला असतो.

कुत्र्याला मारायचं का, हा प्रश्न सगळेच विचारतात. वाचक माणसाचा खून पचवतो, कुत्र्याचा पचवत नाही. माझं मत असं की कुत्रा मारायचा असेल तर पहिल्या दहा पानांत मारा, आणि त्याच्या मरण्यातून काहीतरी कळू द्या. शेवटी वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायला मारलेला कुत्रा म्हणजे लेखकाने मारलेला कुत्रा. तिथे गुन्हेगार तुम्हीच. विष घालून मारल्याचा प्रसंग असेल तर औषधाचं नाव आणि प्रमाण लिहू नका. कथा वाचून कुणाच्या दारचा मुका जीव जाऊ नये.

पहिला खर्डा झाला की कुत्र्याची सगळी वाक्यं लाल पेनने खोडून कथा पुन्हा वाचा. तरीही उलगडा होत असेल तर कुत्रा शोभेचा आहे. मग एक तर काढून टाका, नाहीतर त्या तक्त्याकडे परत जा आणि दुसरी ओळ मोडून बघा. नंतर कथा गावातल्या अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने पुस्तक हातात धरलेलं नाही पण जंगल चाललेलं आहे. तो मधेच हसला तर तिथे नाकाची किंवा ठशाची चूक आहे, त्याला विचारून दुरुस्त करा. दिवाळी अंकाकडे पाठवायची असेल तर जून-जुलैपर्यंत पाठवलेली बरी. चार-पाच हजार शब्दांवर नेऊ नका, आणि पाकिटात कथेसोबत उलगडा समजावणारी चिठ्ठी घालू नका.